उडालेला भिडू आणि 15 मिलिसेकंद

फाजिन, म्हणजे चिनी युद्धकलांत अंगातला जोर एका झटक्यात बाहेर काढणं, मोजून घ्यायला येणाऱ्यांना बहुतेक वेळा समोरचा माणूस किती लांब उडाला याचा दाखला हवा असतो. त्या दिवशी प्रयोगशाळेत दोघं आले होते. एक चेन शैलीचं ताईजी (ताई ची) शिकवणारे ज्येष्ठ प्रशिक्षक, चीनच्या हनान प्रांतातल्या चेनजियागौला राहून शिकलेले. दुसरा 65 किलो गटात सांडा, म्हणजे चिनी किकबॉक्सिंग, खेळणारा तरुण. सरांनी आधी नेहमीचं प्रात्यक्षिक केलं. छातीशी पॅड धरलेला विद्यार्थी मूठ लागताच मागे भेलकांडत गेला आणि गादीवर आदळला. तसाच ठोसा भिंतीवरच्या लोडसेलवर, म्हणजे बल मोजणाऱ्या उपकरणावर घेतला, तर पडद्यावर बुटकी, पसरट टेकडी उमटली. पोराने मारला तेव्हा उभा सुळका.

"मशीन तपासा जरा," सर म्हणाले. त्यांच्यादेखत तपासलं. मशीन ठीक होतं.

फरक सगळा वेळेचा. 70 किलोच्या माणसावर सरासरी 500 न्यूटन बल 200 मिलिसेकंद टिकलं तर आवेग (बल गुणिले वेळ) होतो 100 न्यूटन-सेकंद, आणि माणूस सेकंदाला 1.4 मीटर वेगाने मागे निघतो. याउलट 2500 न्यूटनपर्यंत चढून 15 मिलिसेकंदांत संपणारा त्रिकोणी आलेख धरा: आवेग जेमतेम 19, वेग 0.27 मीटर. माणूस जागचा फारसा हलणार नाही, पण बरगडीचं काही खरं नाही. त्यात पॅड छातीला घट्ट चिकटलेला आणि पाय एका रेषेत असले की तोल टाचांच्या मागे जायला थोडं अंतर पुरतं. 1964 साली लाँग बीचच्या कराटे स्पर्धेत ब्रूस लीने इंचभरावरून ठोसा मारून दाखवला, तेव्हाही समोरच्याच्या मागे खुर्ची मांडलेली होती. भिडूला एक पाय मागे टाकून उभं करा, अर्धी करामत तिथेच उतरते. ढकलणं हलकं असं मला म्हणायचं नाही. ताईजीत त्याला मोठं मोल आहे. फक्त ते वेगळ्या रकान्यात लिहायचं.

मग खरी चाचणी लावली. भिंतीला बोल्टने आवळलेली पाटी, तिच्यामागे लोडसेल, पुढे 5 सेंटीमीटर फोम. मऊ फोम शिखर खाली आणतो आणि वेळ लांबवतो, म्हणून वेगळ्या फोमवरचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नयेत. नोंदी सेकंदाला 2000. त्या 100 वर ठेवल्या तर 15 मिलिसेकंदांच्या ठोशात एक-दोन ठिपके येतात आणि शिखर हातचं निसटतं. दोन्ही पायांखाली वेगवेगळ्या फोर्स प्लेट (पायाचा रेटा मोजणाऱ्या पाट्या), त्याही तीन दिशांचं बल मोजणाऱ्या. नुसतं उभं बल दाखवणारी प्लेट इथे निरुपयोगी. मूठ पुढे जाते ती पायाने जमीन मागे रेटल्यावर, आणि तो रेटा आडवा असतो.

मूठ आणि पॅड यांच्यामध्ये एक त्सुन (चिनी इंच), म्हणजे 3.33 सेंटीमीटर जाडीचा लाकडी ठोकळा. तो काढला की मारायचं. इथे दोन लबाड्या नकळत होतात: मूठ ठोकळ्यावर आधीच रेटलेली असते, नाहीतर मारण्याआधी कोपर हळूच मागे जातं. बाजूने 240 फ्रेमचा कॅमेरा लावला की दुसरी सापडते. "सर, ठोकळ्यावर टेकू नका, नुसता स्पर्श ठेवा," हे वारंवार सांगावं लागलं. कोपर मागे गेलेले सगळे प्रयत्न बाद केले, त्यात पोराचे जास्त.

आणि चित्र पालटलं. हात मागे नेता येत नाही म्हटल्यावर पोराचा सुळका पार बसला. सरांनी या वेळी ढकलणं सोडून आखूड झटका दिला आणि तो पोरापेक्षा उंच गेला. कारण पायांखाली दिसत होतं. सरांच्या मागच्या पायाचा आडवा रेटा मूठ हलण्याआधी चढायला लागायचा, मग कंबर, मग हात. पोराचा हात आधी निघायचा आणि पाय मागाहून यायचे. त्याच्या दंडावर स्नायूंचे विद्युत संकेत टिपणारे इलेक्ट्रोड लावले तेव्हा दुसरं दुखणं कळलं: ठोकळा निघायची वाट पाहतानाच बायसेप्स ताठ. तो स्नायू कोपर वाकवणारा. सरळ होणाऱ्या हाताला तोच ब्रेक लावत होता. चांगल्या ठोशात स्नायूंचा एक झटका सुरुवातीला येतो, मध्ये हात सैल, आणि मूठ टेकताना दुसरा. पोराचं सगळं एकसलग आवळलेलं.

पाय आपटण्याबद्दलही बोलायला हवं, कारण बाजी ही दुसरी चिनी शैली आणि चेन, दोन्हींत ते आहे आणि बघणाऱ्याला त्याचाच आवाज भावतो. सरांनी आपटून मारलं तेव्हा प्लेटवरचं बल आधी वजनाच्या खाली उतरलं, मग उसळलं आणि मूठही त्याच सुमारास पोहोचली. पोराने नक्कल केली. त्याचा पाय आधी वाजला, मूठ उशिरा आली. असा आवाज भिंतीपर्यंत पोहोचत नाही, गुडघ्यात मात्र जातो. काँक्रीटवर आपटणं मी कुणालाच करू देत नाही.

सरांनी त्याला जे दिलं ते जुनंच: बाइला या चिनी झाडाच्या लाकडाची तीन मीटरहून लांब, लवचीक काठी. बुडखा कमरेशी, दुसरा हात पुढे, झटका पायांतून आणि कमरेतून द्यायचा. खांद्याने हलवली तर काठी नुसती डोलते, टोक थरथरत नाही. मी त्याला एवढंच जोडलं की पूर्ण जोराचे झटके एका फेरीत पाच-सहाच, मध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती, वेग उतरला की थांबायचं. हवेत मारताना कोपर शेवटी थोडं वाकलेलं ठेवायचं. पूर्ण सरळ करून झटके देणारे कोपरदुखी घेऊन येतात.

तालमीत फोर्स प्लेट नसते, तेव्हा मोबाईलच्या 240 फ्रेमवर टाच, कंबर, मूठ यांतलं आधी काय हललं ते फ्रेम मोजून बघा. एक फ्रेम 4.2 मिलिसेकंदांची. शिवाय 3 किलोचा मेडिसिन बॉल छातीपासून एकदा बसून आणि एकदा उभ्याने फेका. दोन्हींत फारसा फरक नसेल तर पाय कामच करत नाहीत. अंतर पहिल्या टप्प्यापर्यंत मोजा, घरंगळलेलं धरू नका.