कूलिंग गेलं तर?

केमिकल प्लांटच्या प्रोसेस सेफ्टीत आहे म्हटलं की लोकांना हेल्मेट, सेफ्टी शूज आणि भिंतीवरची पोस्टर्स आठवतात. ते सगळं हवंच, पण माझं काम वेगळंय. मी दिवसभर एकच प्रश्न विचारत फिरतो, आत्ता या क्षणी रिअॅक्टरचं कूलिंग गेलं तर आपल्या हातात किती वेळ आहे?

लॅबमधल्या फ्लास्कवर माझा अजिबात भरवसा नाही. त्यात उष्णता आपोआप निघून जाते, म्हणून रिअॅक्शन गरीब वाटते. तोच आकार लांबी, रुंदी, उंची अशा तिन्ही बाजूंनी दहापट मोठा केला की माल हजारपट होतो आणि उष्णता बाहेर टाकणारी भिंत मात्र शंभरपटच, शिवाय तापमान चढलं की रिअॅक्शनचा वेग भराभर वाढतो आणि जॅकेट, म्हणजे रिअॅक्टरभोवतीचं थंड करणारं आवरण, बिचारं आपल्या सरळ रेषेत चालत राहतं.

म्हणून आधी डीएससी, म्हणजे सॅम्पल हळूहळू तापवून त्यातून किती उष्णता निघते ते मोजायची चाचणी. काही मिलिग्रॅम सॅम्पल, पण ते ठेवायचं क्रुसिबल, म्हणजे छोटी वाटी, प्रेशर सहन करणारं आणि घट्ट बंद हवं, नाहीतर सॉल्व्हंट उडून जातो, त्याला लागणारी उष्णता एक्झोथर्म, म्हणजे रिअॅक्शनमधून निघणारी उष्णता, झाकून टाकते आणि ग्राफ बघून सगळे खूश! ऑनसेटचा, म्हणजे उष्णता निघायला सुरुवात होते त्या तापमानाचा आकडाही तसाच, तापवायचा वेग बदलला की तो सरकतो. तरी लोक मीटिंगमध्ये तो लक्ष्मणरेषा असल्यासारखा सांगतात, तेव्हा माझं डोकं फिरतं.

आणि "इतक्या बॅचेस काढल्या, कधी काही झालं नाही" हे वाक्य तर प्रत्येक प्लांटमध्ये ऐकायला मिळतं. यावर मी टी-टू लॅबोरेटरीज या केमिकल कंपनीतल्या स्फोटाचं उदाहरण देतो. जॅक्सनव्हिल, फ्लोरिडा, १९ डिसेंबर २००७. सोडियम धातू, मिथाइलसायक्लोपेंटाडाइन आणि सॉल्व्हंट म्हणून डायग्लाइम. कूलिंगच्या पाण्याला पर्यायी सोय नव्हती. ते कमी पडलं, तापमान चढत गेलं आणि साधारण २०० डिग्रीच्या आसपास सोडियम थेट डायग्लाइमशीच भिडलं. ही दुसरी रिअॅक्शन कोणाच्या हिशोबातच नव्हती. चार जण गेले. ती १७५वी बॅच होती, म्हणजे १७४ निघाल्या होत्याच की. तपास करणाऱ्या अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने नंतर केमिकल इंजिनिअरिंगच्या डिग्रीतच रिअॅक्टिव्ह हॅझर्ड, म्हणजे रिअॅक्शन हाताबाहेर जाण्याचे धोके, शिकवा अशी शिफारस केली. मला विचाराल तर हे फार उशिरा सुचलं.

मी शक्यतो सेमी-बॅचचा आग्रह धरतो, सगळं एकदम ओतायचं नाही, एक घटक हळूहळू सोडायचा म्हणजे काही बिनसलं तर डोसिंग थांबवता येतं. पण घातलेलं लगेच रिअॅक्ट होत असेल तरच हे खरं. तापमान कमी ठेवलं तर माल नुसता साठत जातो, आणि गंमत म्हणजे ऑपरेटरला वाटतं थंड आहे म्हणजे सेफ आहे. स्टरर बंद पडला आणि डोसिंग चालूच राहिलं तर दोन थर तयार होतात, मग कोणीतरी घाईघाईत स्टरर परत चालू करतो आणि तासाभराची रिअॅक्शन एका झटक्यात सुरू होते. त्यामुळे स्टरर थांबला की डोसिंग आपोआप बंद, हा इंटरलॉक नसेल तर मी सही करत नाही, मग प्रॉडक्शनवाले कितीही चिडू देत.