आमची वाटचाल: फोन वाजायच्या आधी

सुरुवात केबल ओढण्यापासून झाली. मी आणि माझा भागीदार, दोघंच. स्विच बसवायचे, राउटर जोडून द्यायचे, बिल लावायचं आणि पुढच्या कामाला पळायचं. काही बिघडलंय हे आम्हाला ग्राहकाच्या फोनवरूनच कळायचं, आणि तो फोन कधी गोड आवाजात आला नाही.

देखभालीची कंत्राटं घ्यायला लागलो तेव्हा एका जुन्या संगणकावर दर मिनिटाला सगळ्या यंत्रांना पिंग करणारी स्क्रिप्ट लावली. पडद्यावर हिरवे ठिपके बघून आमची छाती फुगायची. पण एका ग्राहकाकडे सगळं हिरवं दिसत असताना तिथली माणसं 'नेट चालत नाही' म्हणून ओरडत होती. पिंगचं म्हणजे कडी वाजवल्यावर आतून नुसतं 'हो' यावं तसं. माणूस घरात आहे एवढं समजतं, तापानं फणफणलाय का ते नाही.

मग एसएनएमपीकडे वळलो, म्हणजे नेटवर्कमधल्या यंत्रांना त्यांची हालहवाल विचारायच्या ठरलेल्या पद्धतीकडे. हा प्रोटोकॉल १९८८ सालचा, म्हणजे आमच्या धंद्यापेक्षा बराच थोरला. स्विच, राउटर, यूपीएस, प्रिंटरसुद्धा, यांच्यात एजंट नावाचा छोटासा प्रोग्रॅम बसलेला असतो. देखरेखीचं सॉफ्टवेअर यूडीपीच्या (निरोप पाठवायची एक साधी पद्धत) १६१ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे ठरलेल्या दारावर, त्याला प्रश्न विचारतं. प्रश्न म्हणजे टिंबांनी जोडलेली आकड्यांची माळ, ओआयडी. १.३.६.१.२.१.१.३.० विचारा, एजंट सुरू होऊन किती वेळ झाला ते सेकंदाच्या शंभराव्या भागात सांगेल. कुठल्या माळेमागे काय दडलंय ते एमआयबी फायलीत लिहिलेलं असतं. उत्पादकांच्या खास गोष्टी १.३.६.१.४.१ च्या खाली सापडतात, आणि त्यांच्या फायली मिळवताना आमचे किती दिवस गेले ते विचारू नका. आजही आमच्याकडे नवा मुलगा आला की पहिल्या दिवशी त्याला एका स्विचवर एसएनएमपी वॉक करायला, म्हणजे सगळ्या ओआयडी एकामागून एक विचारायला, बसवतो. हजारो ओळी बघून बिचारा गांगरतो, पण यंत्राच्या पोटात काय काय असतं ते त्याला तिथेच दिसतं.

आमची सगळ्यात मोठी फजिती काउंटरमुळे झाली. स्विचच्या एखाद्या जोडणीवरून किती वेगानं डेटा जातोय हे काउंटर सांगत नाही. आजवर किती बाइट आले तेवढंच तो मोजत राहतो, गाडीच्या किलोमीटर मीटरसारखं. दोन वाचनं घ्यायची, वजाबाकी करायची, मधल्या वेळानं भागायचं. आम्ही दर ५ मिनिटांनी वाचत होतो. पण जुना काउंटर ३२ बिटांचा, म्हणजे ठराविक आकड्यापर्यंतच मोजणारा, पुढे पुन्हा शून्य. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण भरून वाहिली तर तो पावणेसहा मिनिटांत शून्यावर येतो, आणि गिगाबिटवर जेमतेम ३४ सेकंदांत. ग्राहकानं लाइन गिगाबिट केली, आमचं वाचन तसंच राहिलं. अहवालात आम्ही ठणकावून लिहिलं, 'तुम्ही लाइनचा आठवा हिस्साही वापरत नाही.' त्यांच्याच एका इंजिनिअरनं कागदावर गणित मांडून दाखवलं की ५ मिनिटांच्या वाचनात आमचा आलेख सुमारे ११४ एमबीपीएसच्या वर जाऊच शकत नाही. प्रत्यक्षात लाइन तुडुंब होती. ६४ बिटांचे काउंटर एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत वाचता येत नाहीत, म्हणून सगळी यंत्रं दुसरीवर आणली. कंत्राट टिकलं, पण त्या महिन्याचं बिल आम्ही पाठवलं नाही.

ट्रॅपवरही सुरुवातीला फार भिस्त होती. ट्रॅप म्हणजे न विचारता एजंट स्वतःच १६२ क्रमांकाच्या पोर्टवर ओरडून सांगतो, मग आपण सारखं कशाला विचारायचं? एकदा यूपीएसनं वीज गेल्याचा ट्रॅप पाठवला, पण ज्या स्विचमधून तो यायचा तोच आधी मान टाकून बसला होता. ट्रॅपला पोच नसते. इन्फॉर्म नावाच्या त्याच्या भावाला असते, पण रस्ताच बंद असेल तर पोच तरी कुठून येणार? तेव्हापासून ट्रॅप येतात ते येऊ देतो, भरवसा मात्र स्वतः विचारण्यावरच.

एक कबुली. कित्येक ठिकाणी आम्ही कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे एजंटला विचारताना द्यायची परवलीची खूण, 'पब्लिक' अशीच ठेवली होती. पहिल्या दोन्ही आवृत्त्यांत ती उघडीच तारेवरून जाते, कुणीही वाचावी. ओळख पटवणं आणि मजकूर कुलूपबंद करणं तिसऱ्या आवृत्तीत आलं. ती २००२ साली प्रमाण झाली, आम्ही मात्र तिच्यावर फार उशिरा गेलो. जुन्या यंत्रांना ती जमत नाही. तिथे फक्त वाचायची मुभा, आणि तीही आमच्या एकाच पत्त्याला.

एका रात्री इशारा आला, मुख्य स्विच बंद पडून पुन्हा सुरू झाला. आमच्याकडे कामाला असलेला एक मुलगा धावत गेला. स्विच ठणठणीत, लॉगमध्ये कसलीच नोंद नाही. सकाळी उलगडा झाला. एजंट सुरू होऊन किती वेळ झाला ते सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजणारा तो ३२ बिटांचा आकडा ४९७ दिवसांनी पुन्हा शून्यापासून सुरू होतो. "म्हणजे इतके दिवस एकदाही बंद पडला नाही म्हणून मला झोपेतून उठवलंत?" मुलगा म्हणाला. आता असा इशारा आला की आधीचं वाचन किती दिवसांचं होतं ते पाहतो, मगच गाडीची किल्ली उचलतो.