चौथी ओळ

सुझोउ, रविवार, 26 जानेवारी 2025

आज रविवार, तरी ऑफिस होतं. चिनी नववर्षाची सुट्टी मंगळवारपासून आठ दिवस लागतेय, पण त्यातले दोन दिवस आधी-नंतर कामावर येऊन भरून द्यायचे असतात, त्यातला एक आजचा. दुसरा 8 फेब्रुवारीचा शनिवार. निम्मी माणसं रजा जोडून आधीच गावी गेली आहेत. कारखान्यातली लाइन बंद, दिवे अर्धे, कँटीनमध्ये एकच खिडकी उघडी.

सकाळी अकराला मी साहेबांना पगारवाढीसाठी केलेलं एक पान पाठवलं. पाठवण्याआधी त्यातली शेवटची ओळ काढून टाकली. दिवसभर तीच ओळ डोक्यात आहे, म्हणून लिहायला बसले.

नोव्हेंबरमध्ये नोकऱ्यांच्या ॲपवर आमच्याच कंपनीची जाहिरात दिसली. माझंच पद, माझंच काम: सप्लायर क्वालिटी, म्हणजे पुरवठादारांच्या मालाचा दर्जा बघणं. इथे जाहिरातीत पगार उघड छापतात, महिन्याचा आकडा आणि पुढे गुणिले तेरा, म्हणजे वर्षाअखेरीचा तेरावा पगार धरून. त्यातला खालचा आकडासुद्धा माझ्या पगारापेक्षा दोन हजार युआनने जास्त होता. डिसेंबरात त्या जागेवर एक मुलगा आला. त्याला गेज कसं लावायचं इथपासून मी शिकवलं. चांगला मुलगा आहे, त्याच्यावर माझा राग नाही. नव्या माणसाला जुन्यापेक्षा जास्त पगार मिळतो त्याला इथे 'दाओग्वा' म्हणतात, म्हणजे उलटं टांगलेलं. शब्द इतका रुळलेला आहे की त्यावरूनच कळतं, हे काही माझ्या एकटीच्या वाट्याला आलेलं नाही.

पगार मागण्याची सवय आमच्या घरात कुणालाच नव्हती. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत. वेतन आयोग लागायचा, थकबाकी यायची, जुलैत इन्क्रिमेंट पडायचं. पैसा जीआरने यायचा, तोंड उघडून नाही. त्यामुळे मागणं म्हणजे हात पसरणं, हे मनात कुठेतरी पक्कं बसलंय. तीन वर्षांपूर्वी एकदा धीर करून विचारलं होतं, तेही कुठे, तर लाइनवरून परत येताना कॉरिडॉरमध्ये, बरोबर दोन ज्युनियर असताना. साहेब हसले, म्हणाले, कंपनी तुला विसरणार नाही. मी खूश. त्यानंतर कित्येक महिने ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते, आणि का ते मला कळत नव्हतं.

ते मला जिएने सांगितलं. जिए म्हणजे ताई. अकाउंट्समधल्या या बाईंना अख्खं ऑफिस जिएच म्हणतं. आनह्वेई प्रांतातली आहे, वीस वर्षं झाली तिला सुझोउत. ती म्हणाली, "तू त्यांना पोरांसमोर विचारलंस. हो म्हणाले असते तर उद्या ती दोघं दारात उभी राहिली असती. नाही म्हणाले असते तर साहेबाच्या हातात काही नाही हे पोरांना दिसलं असतं. तू त्यांना उतरायला पायरीच ठेवली नाहीस." पायरी ठेवणं हा तिचा शब्द नाही, इथला रोजचा वाक्प्रचार आहे. समोरचा उंचावर अडकला असेल तर त्याला खाली यायला जिना द्यायचा. आणि त्यांनी जे सांगितलं त्याला 'ह्वाबिंग' म्हणतात, कागदावर भाकरी काढून दाखवणं. तेही मला तेव्हाच कळलं.

मी म्हटलं, मग गप्पच बसायचं का? मान वर काढणाऱ्या पक्ष्यालाच गोळी लागते, असं तुमच्यातच म्हणतात ना. तर म्हणाली, "रडणाऱ्या पोराला दूध मिळतं, असंही आमच्यातच म्हणतात." मी थबकलेच. आई हेच म्हणते, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. म्हण घरातली, पण घरातलं कुणी तसं कधी वागलं नाही.

यंदा जिएने सगळं नीट बसवून दिलं. वर्षाअखेरचा आढावा झाल्यावर जा. महिनाअखेर नको, सोमवार नको, चारचौघांत तर नकोच. 'पगार' हा शब्द मेसेजमध्ये लिहायचा नाही. लिहायचं, कामाचा 'हुइबाओ' द्यायचा आहे, म्हणजे अहवाल. समोरचाही समजतो. दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर दाखवून धमकावायचं नाही. मार्च-एप्रिल इथे नोकऱ्या बदलण्याचा हंगाम, सोन्याचा मार्च आणि चांदीचा एप्रिल म्हणतात, त्यामुळे नुसता सुट्टीआधीचा दिवस निवडलास तरी साहेब ओळखतील. माझं मात्र परदेशी माणसाचं आहे. वर्क परमिट कंपनीच्या नावावर असतं, नोकरी बदलायची तर ते रद्द करून नव्याने काढायचं. चिनी सहकारी जितक्या सहज उडी मारतो तितक्या सहज मला ती मारता येत नाही, आणि हे साहेबांनाही ठाऊक आहे.

आणि एकच पान ने, म्हणाली. त्यावर तू किती कष्ट केलेस ते नको, काय घडवलंस ते हवं.

पान केलं. पहिली ओळ, एका ग्राहकाकडून परत येणारा माल वर्षात निम्म्यावर आला. दुसरी, दोन नवे सप्लायर मंजूर करून घेतले. तिसरी, पुण्याच्या ग्राहकाबरोबरचे कॉल आता दुभाष्याशिवाय होतात, मीच घेते. जिए म्हणाली, बस्स. मी चौथी जोडली: याच पदावर नव्याने घेतलेल्या माणसाचा पगार माझ्याहून जास्त आहे. ती म्हणाली, काढ. मी नाही काढली.

गुरुवारी, 23 तारखेला गेले. जेवणानंतर दीड वाजेपर्यंत सगळे दिवे घालवून डोळे मिटतात, तोवर थांबले. मेसेज केला, "आपल्याला आत्ता वेळ आहे का? थोडा हुइबाओ द्यायचा होता." उत्तर एका अक्षराचं: लाय. ये.

इथे साहेबांना आडनावापुढे 'झोंग' लावून हाक मारतात, आपल्या 'झाडा'तला झ. ते चहाच्या पाटाशी बसले होते. पहिलं पाणी पाटावर ओतून दिलं, दुसऱ्याने इवलासा कप भरून माझ्यापुढे सरकवला. मी दोन बोटं टेबलावर हलकेच टेकवली, तसा इथे आभार मानायचा रिवाज आहे. बोटं थरथरत होती, त्यांनी पाहिलंही असेल. मग ते गावाबद्दल बोलले, आई कशी आहे विचारलं, आणि तिसरा कप भरून झाल्यावर म्हणाले, "दाखव."

त्यांनी पान सावकाश वाचलं. पहिल्या ओळीशी थांबून महिनावार आकडे विचारले, मला पाठ होते. दुसरीला मान हलवली. तिसरीला म्हणाले, "हे माझ्या लक्षातच नव्हतं." मग चौथीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. खाली केटलीतलं पाणी खदखदत होतं.

"हे खरं आहे," ते म्हणाले. "पण हे काढ. हे पान घेऊन मला वर जायचंय."

नव्या मुलाचा पगार मंजूर करणारी सही साहेबांचीच. ही ओळ वर गेली की पहिला प्रश्न त्यांनाच येणार. पुढे म्हणाले, "यानज्यू करतो." म्हणजे विचार करतो, अभ्यास करतो. मला वाटलं, संपलं. हा शब्द इथे अनेकदा नाही म्हणण्यासाठी वापरतात. जिना उतरताना डोळे भरून आले.

जिएला सांगितलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणे, "काढ म्हणाले? अगं, नाही म्हणायचं असतं तर कुठलीही ओळ काढायला लावली नसती." मग ड्रॉवरमधून माल्टच्या चिकट साखरेची कांडी काढून माझ्या हातावर ठेवली. त्या दिवशी छोटं नववर्ष होतं. उत्तरेकडे बुधवारी झालं, या भागात एक दिवस उशिरा. घरातला चुलीचा देव त्या दिवशी स्वर्गात जाऊन सम्राटाला घरच्यांचा वर्षाचा अहवाल देतो, म्हणून त्याला निरोप देताना तोंडाला गोड लावतात. वर जाऊन चार चांगले शब्द बोलावेत म्हणून. "तुझ्या साहेबालाही वरच जायचंय," जिए म्हणाली.

हे मला पटलं. आणि तरी त्रास झाला, तो अजून गेलेला नाही. चीनच्या कामगार कायद्यात, 1995 पासून लागू असलेल्या, समान कामाला समान मोबदला असं स्वच्छ लिहिलंय. माझ्या पानावरची सगळ्यांत खरी ओळ ती होती. बाकीच्या तीन ओळींत मी किती चांगली आहे ते आहे, चौथीत माझ्यावर अन्याय झालाय ते आहे. आणि नेमकी तीच कुणाच्या सोयीसाठी पुसायची. साहेब वाईट नाहीत. रात्रपाळीला माझ्यासोबत उभे राहिलेले आहेत. पण त्यांचा मान राखताना किंमत माझ्या खिशातून गेली, हे मी स्वतःला तरी सांगायलाच हवं.

तीन दिवस पान तसंच ठेवलं. आज सकाळी ती ओळ काढली आणि पाठवलं. दोन मिनिटांत उत्तर आलं, "शोउदाओ." मिळालं. आणि थोड्या वेळाने दुसरा मेसेज: महिनावार आकड्यांचा तक्ताही जोड, मार्चमध्ये बजेट बसवतात तेव्हा लागेल.

तक्ता करून पाठवला. जिएची गाडी तीनची होती, बॅग ओढत दारातून हात हलवून गेली. संध्याकाळी आईला फोन केला, सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "बाबांना सांगू का?" मी म्हटलं, सांग.

चार ओळींचं पान मी वेगळ्या नावाने ठेवून दिलं आहे.