तिकडे दाद मिळते का?

जपानचा दौरा करून परत आले की एक प्रश्न हमखास येतो. कार्यक्रमानंतर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर आगगाडीत वरच्या बर्थवरून. "तिकडे दाद मिळते का हो? त्या लोकांना आपला तबला कळतो का?" विचारणाऱ्याला दोन मिनिटांत उत्तर हवं असतं, आणि मला दोन मिनिटं कधीच पुरत नाहीत. मग "हो हो, फार चांगले रसिक आहेत" असं म्हणून मी मोकळी होते आणि नंतर चुटपुट लागून राहते. तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं सांगते.

मी कथक करणाऱ्या मैत्रिणीला साथ करते आणि मध्ये वीसेक मिनिटं एकल वाजवते. जपानला तीनदा गेले. तिसरा मुक्काम सर्वांत लांब, अकरा आठवड्यांचा होता. पण सांगायचं ते सुरू होतं पहिल्या दौऱ्यातल्या पहिल्याच संध्याकाळी.

तीनशे खुर्च्यांचा हॉल भरलेला होता. मी पेशकार, म्हणजे सुरुवातीची संथ रचना, सुरू केला आणि समोर पूर्ण शांतता. आपण तबलेवाले दादेवर वाढतो. पहिल्या रांगेतल्या कुणाची मान हलली, कुणी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मांडीवर हात टेकवला, मागून एखादं "क्या बात है" आलं, की पुढचा पलटा, म्हणजे त्याच बोलांची नवी मांडणी, आपोआप सुचतो. इथे सगळ्यांचे हात मांडीत आणि डोळे माझ्या बोटांवर. कायदा, म्हणजे पलट्यांनी फुलवायची मूळ रचना, मांडला, तरी तेच. तिसऱ्या पलट्याला मला वाटलं, गेली मैफल हातातून. मी लय वाढवली, दोन पलटे गाळले, थेट रेल्यावर, म्हणजे जलद धावत्या बोलांवर, गेले आणि शेवटची तिहाई जोरात मारून संपवलं. मग टाळ्या आल्या. बराच वेळ, एका संथ लयीत. लोक उठले आणि आवाज न करता निघून गेले. मैत्रिणीनं आत आल्यावर एवढंच विचारलं, "आज घाई कसली होती?" मला उत्तर देता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आयोजक बाई कागदांचा गठ्ठा घेऊन आल्या. तिकडे बऱ्याच कार्यक्रमांना प्रेक्षकांना पत्रकांबरोबर एक छापील कागद आणि छोटी पेन्सिल देतात. त्याला 'आंकेतो' म्हणतात. आवडलं का, कुठून कळलं, वय काय, आणि खाली मोकळी जागा. आपल्याकडे असा कागद दिला तर किती जण लिहितील सांगता येत नाही. तिथे सव्वाशेच्या वर कागद आले होते, आणि मोकळी जागा बहुतेकांनी काठोकाठ भरली होती. बाई दीड तास बसून मला एकेक वाचून दाखवत होत्या. एकानं लिहिलं होतं, डाव्या वाद्याचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटला. डग्ग्याच्या घिश्शाचं, हात घासून काढायच्या नादाचं, असं वर्णन मी तोवर ऐकलं नव्हतं. एकीनं माझ्या उजव्या हाताची बोटं काढली होती, अनामिका शाईच्या, म्हणजे तबल्यावरच्या काळ्या गोलाच्या, कडेला टेकलेली, अगदी जिथे टेकते तिथेच.

आणि एक कागद असा होता. वय सत्तरीच्या चौकटीत. 'हे वाद्य आज प्रथमच ऐकलं.' खाली लिहिलं होतं: 'शेवटी वादक तेच तीनदा वाजवते आणि मध्ये दोनदा थांबते. पहिल्यांदा थांबली तेव्हा मी श्वास रोखला. दुसऱ्यांदा ती जागा लहान झाली. असं का?'

ज्यांना तिहाई ठाऊक आहे त्यांना सांगायला नको. दमदार तिहाईत तोच तुकडा तीनदा येऊन समेवर संपतो आणि मध्ये दोन सारखे दम, म्हणजे थांबे. मी घाईत दुसरा दम खाल्ला होता. लेहरा, म्हणजे तबल्यामागची फिरती धून, धरणाऱ्यानं सांभाळून घेतलं म्हणून सम पडली. ही चूक हॉलमध्ये तिघांनाच कळली असं मी धरून चालले होते: मी, लेहऱ्यावरचा साथीदार आणि मैत्रीण. चौथी व्यक्ती त्या शांततेत बसलेली होती.

बाई म्हणाल्या, त्या जागेला त्यांनी 'मा' म्हटलंय. मा म्हणजे दोन गोष्टींमधली जागा. ते चित्राक्षर दाराच्या दोन फळ्यांमधून दिसणाऱ्या सूर्याचं आहे. ज्याचा मा सुटला त्याला 'मानुके' म्हणतात, म्हणजे मूर्ख. त्या ओशाळून पुढे म्हणाल्या, तुम्हाला तसं म्हटलेलं नाही हं. पण मला ते वाक्य इतकं पटलं होतं की राग यायला जागाच नव्हती. माझे गुरुजी हेच सांगत आले होते, की बोल कुणीही बसवेल, दम बसवायला आयुष्य लागतं.

त्या दिवसापासून शांततेला घाबरणं हळूहळू कमी झालं. एकदम नाही. शांततेतही फरक असतात, हे कळायला दोन दौरे गेले. कंटाळलेल्या शांततेत खुर्च्या करकरतात, पत्रकं चाळली जातात. ऐकणाऱ्या शांततेत खोकलासुद्धा आवर्तन संपेपर्यंत थांबतो. खरंच थांबतो, मी मोजलंय.

पण जपानी माणूस गप्पच बसतो असं समजून मी परत आले असते तर तेही चुकलंच असतं. टोकियोच्या गिंझा भागात काबुकी-झा आहे, काबुकी या पारंपरिक जपानी नाटकाचं मोठं नाट्यगृह. आताची इमारत 2013 साली उघडली. तिथे चौथ्या मजल्यावर एकाच अंकाचं स्वस्त तिकीट मिळतं. सुट्टीच्या दिवशी मी ते काढून गेले. नट सरकत पुढे आला, मान फिरवली, डोळे तिरके केले आणि क्षणभर पुतळ्यासारखा गोठला. याला 'मिए' म्हणतात. प्रेक्षकांच्या उजव्या हाताला, रंगमंचाच्या कडेशी एक माणूस गुडघ्यावर बसून दोन लाकडी ठोकळे फळीवर आपटत होता, त्या ठोक्यांवर हा मिए बसतो. आणि ठोके थांबताच माझ्या मागून कुणीतरी दणदणीत आवाजात ओरडलं, "ओतोवाया!" मी दचकून वळले. एक साधा, कोट घातलेला मध्यमवयीन गृहस्थ होता. त्यानं नटाच्या घराण्याचं नाव पुकारलं होतं. घराण्यांना अशी नावं असतात, ओतोवाया, नारिताया. दूरच्या, वरच्या जागांवरून पुकारणाऱ्या या जाणकारांना 'ओमुको' म्हणतात.

अर्धा ठोका आधी पुकारलं असतं तर मिए मोडला असता, अर्धा ठोका नंतर तर वाया गेलं असतं. त्या माणसाला सम माहीत होती. दाद तिथेही आहे, पण तिची जागा शिकावी लागते आणि शिकला नसेल तो गप्प राहतो. माझ्या कार्यक्रमात लोक गप्प होते कारण माझ्या वाद्यात 'वाह' कुठे म्हणायचं हे त्यांना माहीत नव्हतं, आणि चुकीच्या जागी बोलून माझा मा मोडण्यापेक्षा त्यांनी श्वास रोखणं पसंत केलं. तेव्हापासून मी एकल वादनाच्या आधी दोन मिनिटं घेते, टाळीवर त्रिताल दाखवते, एक तिहाई तोंडानं पढून दाखवते. समेवर माना हलायला लागल्या आहेत.

त्याच नाट्यगृहात आणखी एक गोष्ट पाहिली, म्हणजे ऐकली, ती कुठल्याही तालवाद्य वाजवणाऱ्यानं ऐकावी. वादक डाव्या बाजूच्या काळ्या जाळीच्या खिडकीमागे बसतात, प्रेक्षकांना दिसत नाहीत. रंगमंचावर बर्फ पडत होता. बर्फाला आवाज नसतो. तरी आतून मोठ्या ढोलावर कापड गुंडाळलेल्या काठीचे मऊ ठोके येत होते, दुम्, दुम्, इतके हलके की कानाऐवजी छातीला लागावेत. आणि बर्फ जास्त शांत वाटू लागला.

नोहच्या, म्हणजे मुखवट्यांच्या जुन्या जपानी नाट्यप्रकाराच्या, रंगमंचावर वाजवायची संधी तिसऱ्या दौऱ्यात मिळाली. उघड्या लाकडाचा चौकोन, मागच्या फळ्यांवर रंगवलेलं पाइनचं जुनं झाड, आणि डावीकडून येणारा लांब पूल. मी चप्पल काढून अनवाणी पाय उचलला तेवढ्यात तिथल्या वयस्क व्यवस्थापकांनी नम्रपणे अडवलं आणि पांढऱ्या ताबी पुढे केल्या. अंगठा वेगळा असलेले मोजे. पांढऱ्या ताबीशिवाय त्या लाकडावर कुणीही पाऊल ठेवत नाही, पाहुण्या कलाकारांनीही नाही. मला लहानपणापासून शिकवलेलं की रंगमंचावर अनवाणी जायचं, पायात काही असणं हा अपमान. क्षणभर पाय जडच झाले. मी ताबी घातल्या, मग वाकून लाकडाला हात लावला, कपाळाला लावला आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी ते व्यवस्थापक ताबी घेऊन उभे होतेच, पण माझा नमस्कार होईपर्यंत त्यांनी मागे येणाऱ्या साऱ्यांना हातानं थांबवून धरलं.

चूकही सांगते, कारण दादेचा आणि तिचा जवळचा संबंध आहे. एका गावातल्या नगरपालिकेच्या हॉलमध्ये पहिल्यांदाच समोरून "ओऽ" असा आवाज आला. मी हुरळले आणि ठरलेल्या वीस मिनिटांची अठ्ठावीस केली. आपल्याकडे रंगलेली मैफल लांबली तर तो श्रोत्यांचा मान. तिथे हॉल रात्री साडेनऊला रिकामा करून द्यायचा होता आणि सामान आवरण्याच्या कामाचा, 'बाराशी'चा, मिनिटामिनिटाचा कागद भिंतीला चिकटवलेला होता. माझ्या आठ मिनिटांसाठी सात माणसं धावत दिवे उतरवत होती. घामानं निथळत त्यातला प्रत्येक जण मला "ओत्सुकारेसामा" म्हणत होता, दमलात हो, असं. त्यांच्यातल्या एका मुलाची शेवटची गाडी चुकली हे मला दुसऱ्या दिवशी, सगळे मिळून बसतो त्या बैठकीत कळलं. कुणी माझं नाव घेतलं नाही. प्रत्येक जण आपापली चूक सांगत होता, दिवा उशिरा गेला, पडदा लवकर आला. माझी पाळी आल्यावर मी त्या मुलाची क्षमा मागितली. त्यानंतर मी एकदाही वेळ ओलांडलेली नाही, इथेही नाही.

"त्यांना आपलं कळतं का" या प्रश्नातलं 'आपलं' मला नारा या जुन्या राजधानीच्या शहरात अडखळवून गेलं. तिथल्या तोदाइ-जी या बौद्ध मंदिरातल्या महाबुद्धाचे डोळे 752 साली ज्यांनी उघडले, म्हणजे रंगवले, ते भिक्षू बोधिसेन भारतातून 736 साली तिथे पोहोचले होते. त्यांच्याबरोबर चंपा देशाचा, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या बाजूचा, एक भिक्षू होता, त्यानं नेलेली नृत्यं तिथल्या दरबारी परंपरेत मिसळली. त्या परंपरेत आजही पंख लावलेली मुलं झांजा वाजवत नाचतात, त्या नृत्याचं नाव 'कार्योबिन', बौद्ध ग्रंथांतला आपला कलविंक पक्षी. बुद्धमंदिरासमोर आठव्या शतकातला ब्राँझचा अष्टकोनी दीप आहे, त्याच्या जाळीवर बासरी आणि झांज वाजवणारे बोधिसत्त्व आहेत. पावसात छत्री धरून मी त्यांच्या बोटांकडे बघत उभी होते. कुणी कुणाला काय शिकवलं याचा हिशेब तिथे मांडावासा वाटत नाही.

आता शेवटचं. नोहमध्ये दोन हातढोल असतात. खांद्यावर धरायच्या कोत्सुझुमीचं कातडं ओलसर लागतं, वादक त्यावर फुंकर घालतो, थुंकीनं भिजवलेले कागदाचे बारीक तुकडे चिकटवतो. मांडीवरच्या ओत्सुझुमीचं कातडं उलट खडखडीत कोरडं हवं, म्हणून वाजवण्याआधी ते कोळशाच्या शेगडीवर तापवतात. पावसाळ्यात तबला उतरतो म्हणून हातोडी घेऊन बसणाऱ्या मला ती शेगडीची खोली घरासारखी वाटली. त्यांचेही बोल असतात, पोन, पो, चि, ता. आणि ठोक्यांमध्ये वादक तोंडानं "योऽ", "होऽ" अशी लांब हाक देतो. आठ मात्रांत आपण कुठे आहोत हे ती हाक बाकीच्यांना सांगते.

शेवटच्या प्रयोगानंतर ओत्सुझुमीवादकांनी मला ती तिहाई परत वाजवायला सांगितली. माझ्या दोन दमांत त्यांना हाक भरून बघायची होती. पहिल्यांदा त्यांची "योऽ" संपायच्या आतच मी पुढचा तुकडा उचलला. ते मान हलवून हसले. दुसऱ्यांदा मी मात्रा मोजल्या, तरी मीच आधी पोहोचले. तिसऱ्यांदा ते आधी. चौथ्यांदा मी मोजणं सोडलं आणि त्यांच्या घशाकडे बघत राहिले. हाक वर गेली, ताणली, मावळली, मी उचललं, पुन्हा हाक, आणि समेवर त्यांचा ठोका आणि माझा 'धा' एका जागी पडले. आम्ही दोघं काहीच बोललो नाही. पुन्हा एकदा म्हणून मी हात ठेवला तर दारावर टकटक झाली. साडेनऊ वाजत आले होते, खोली रिकामी करून द्यायची होती.