पानांच्या वाऱ्यावर सर्किट बोर्ड: डेटामॉशिंगची नोंद

डेटामॉशिंग म्हणजे व्हिडिओच्या कॉम्प्रेशनमध्ये मुद्दाम बिघाड करून एका शॉटची हालचाल दुसऱ्या शॉटच्या चित्रावर चढवणं. या खेपेला नवं शूटिंग नाही. ट्रायपॉडवरून घेतलेलं जुनंच फुटेज काढलं, वाऱ्यात हलणारी पानं, आणि सगळा वेळ एन्कोडिंगमध्ये घालवला.

कॉम्प्रेशनची बचत एकाच भरवशावर चालते: पुढची फ्रेम मागच्यासारखीच असणार. पूर्ण चित्र फक्त आय-फ्रेममध्ये. पी-फ्रेममध्ये कुठला तुकडा कुठून उचलायचा एवढा हिशेब आणि उरलेला फरक. भिंतीपुढे बसून बोलणाऱ्या माणसाला हे पुरतं. पानं उलटतात, एकमेकांआड जातात, मधेच चमकतात. तिथे हिशेब फिसकटतो.

एफएफएमपेग या व्हिडिओ सॉफ्टवेअरच्या कोडेकव्ह्यू फिल्टरने मोशन व्हेक्टर, म्हणजे तुकडा कुठून उचलला त्याच्या दिशा, बाणांच्या रूपात चित्रावरच उमटवले. खोडावर जवळपास शुकशुकाट. फांदीच्या टोकाला मात्र शेजारशेजारचे चौकोन एकमेकांच्या विरुद्ध बाण दाखवतात, कारण कोडेकला (व्हिडिओ दाबून साठवणाऱ्या आणि उलगडणाऱ्या प्रोग्रामला) पानाशी देणंघेणं नाही. त्याला मागच्या फ्रेममधला त्यातल्या त्यात जुळणारा तुकडा हवा असतो. मला या कामात हेच धरायचंय. जंगलाच्या शॉटवर ग्लिचचं, म्हणजे बिघाडाचा आभास देणारं, प्लगइन टाकलेले व्हिडिओ पाहून कंटाळा येतो. त्यात झाडाचा काही संबंधच नसतो. व्हिडिओ कलाकार नाम जून पाइकच्या १९७४च्या ‘टीव्ही गार्डन’मध्ये निदान खरी झाडं आणि टीव्ही एकाच जागेत होते.

मग सर्किट बोर्डाचा स्थिर शॉट घेतला, त्याला पानं जोडली आणि जोडावरची आय-फ्रेम उडवली. (दोन्ही क्लिप एकाच आकाराच्या, एकाच कोडेकमध्ये, बी-फ्रेम (मागच्या-पुढच्या दोन्ही फ्रेमवरून बनणाऱ्या) बंद. एफएफएमपेगचा एमपेग-४ एन्कोडर मुळात दर १२ फ्रेमनी नवी आय-फ्रेम टाकतो, तो आकडा भरपूर वाढवायचा.) बोर्ड वाऱ्यावर डोलायला लागतो. तांब्याच्या रेघा चौकोनाचौकोनांनी तुटतात आणि हळूहळू त्यातून पानांच्या कडा वर येतात, कारण उरलेला फरक साठत जातो. क्वांटायझर (फरक किती ढोबळ करून साठवायचा तो आकडा) वाढवला की हा फरक बराचसा गळतो आणि बोर्ड जास्त वेळ टिकतो. सगळी गंमत या एका आकड्यात आहे.

मॉश केलेली फाइल तशीच कुणाला देऊ नका. प्लेअरमध्ये पुढेमागे केलं की चित्र भलतंच होतं. सरळ प्रोरेसमध्ये, म्हणजे प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवणाऱ्या फॉरमॅटमध्ये, काढून ठेवा.

आवाजाचं अजून काही ठरलेलं नाही. पुढे वाहतं पाणी घ्यायचंय. तिथे प्रतिबिंबं एकीकडे आणि प्रवाह दुसरीकडे. कुणी पाण्यावर केलं असेल तर क्वांटायझर किती ठेवला होता ते सांगा.