गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या खेपेला जमली

तीन जांभळ्या नोव्हेंबरातच ओतून झाल्या. घोडं अडलं ते गुलाबीपाशी. आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांत, हिरव्या फांद्यांच्या चक्रावर चार मेणबत्त्या ठेवतात आणि दर रविवारी एकेक वाढवत लावतात. तिसऱ्या रविवारी हीच लावायची असते. त्या रविवारचं लॅटिन नाव 'गाउदेते', म्हणजे 'आनंद करा'. बायबलमध्ये संत पौलाने तुरुंगातून फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती मंडळींना लिहिलेल्या पत्रातले हे शब्द. नाताळ अजून यायचा असतो, तरी त्या दिवशी जांभळ्याऐवजी पाद्री गुलाबी झगा घालू शकतात. हे मला फार भावतं. म्हणून शेजारच्या आंटींच्या चक्राला बाजारची मेणबत्ती लावायची नाही, हे पक्कं होतं.

आधी जांभळाच रंग कमी घातला. ती बाकीच्या तिघींत हरवून गेली. मग नुसता लाल घातला, तर राणी रंग आला! शुक्रवारी म्हापशाहून आणखी दोन किलो मेण आणलं आणि लालात सुईच्या टोकावर मावेल इतका तपकिरी घातला. पातळ मेणाच्या रंगावर जाऊ नका, तो गडदच दिसतो. पांढऱ्या बशीवर थेंब टाका, गोठू द्या, मग ठरवा. माझ्या बशीवर सतरा थेंब झाले. गावठी गुलाबाची पाकळी दुसऱ्या दिवशी दिसते ना, तो रंग सतराव्यात मिळाला.

साचा ५ सेंमी रुंद, १५ सेंमी उंच. मेण साधारण ३०० ग्रॅम. थंड होताना मेण आकसून वातीभोवती खड्डा पडतो, तेव्हा सळईने भोकं पाडून पुन्हा ओतायचं. खाण्याचा रंग नको, तो मेणात मिसळत नाही. मेणखडूही नको, वात तुंबते.

चक्राला सुरूच्या फांद्या बांधल्या. १८३९ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गला योहान विखर्न या पाद्रींनी गरीब मुलांसाठी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या होत्या: रोजच्या छोट्या लाल, रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या. नाताळ कधी, असं मुलं सारखी विचारायची म्हणून.

रविवारी संध्याकाळी आंटींकडे गेले. नेवऱ्या व्हायच्या होत्या, नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी पेरलेली नाचणी बोटभर वर आली होती. आंटींनी आधीच्या दोन जांभळ्या लावल्या, मग गुलाबी. जरा मागे सरून म्हणाल्या, "आतां बरी दिसता." तासभर जळली, धूर नाही, ओघळ नाही. मी उठायचं नावच घेत नव्हते.

पुढच्या रविवारच्या जांभळीत वात थोडी जाड घातलीय. कशी जळते ते कळवीन.