सकाळी आठचं रक्त

माझी लेक साडेसहा वर्षांची आहे. जूनच्या शेवटी शाळा उघडली आणि दुसऱ्याच आठवड्यात तिच्या बाईंनी मला गेटजवळ थांबवून हळू आवाजात विचारलं, "हिला घाम फार येतो का हो? शेजारी बसायला मुली कुरकुर करतात." घरी येऊन मी तिची काख हुंगली. मोठ्या माणसाच्या घामाला येतो तसा वास. मे महिन्यातही आला होता, पण नवतप्यात नागपुरात सगळ्यांच्याच अंगाला वास येतो, म्हणून मी तेव्हा लक्ष दिलं नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, "काहून वं, बरोबर आंघोळ नाही घालून राहिली का तू तिला?" मी दोन वेळा आंघोळ घालत होते. ते वाक्य फार लागलं. म्हणूनच हे लिहिते आहे, कारण ज्या आईच्या लहान मुलाला असा वास येतो तिला पहिल्यांदा हेच ऐकावं लागतं.

मग बेसन-हळद झालं, कडुनिंबाचं पाणी झालं, तुरटी झाली. कोणीतरी लिंबू चोळायला सांगितलं, तेही केलं, आणि तिची काख लालभडक झाली. लिंबू लावू नका. लिंबाचा रस अंगावर राहिला आणि त्यावर ऊन पडलं तर कातडी अक्षरशः भाजते, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. लसूण-कांदा बंद करून पाहिला, दूध बंद करा असाही सल्ला आला. लसूण-कांद्याने घामाचा वास थोडा वाढू शकतो, पण तिचं कारण ते नव्हतं.

आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांनी आधी तिच्या दोन्ही नाकपुड्यांत बॅटरी टाकून पाहिलं. मला कळेना, वास काखेत आणि हे नाकात काय बघतात. ते म्हणाले, लहान मुलं मणी, खडू, स्पंजचा तुकडा नाकात घालतात, तो आत सडतो आणि सगळ्या अंगालाच घाण वास येतोय असं वाटतं. एकाच नाकपुडीतून शेंबूड येत असेल तर हे आधी तपासून घ्या. आमच्याकडे ते नव्हतं. मग त्यांनी समजावलं. अंगभर ज्या घामाच्या ग्रंथी असतात त्यांचा घाम म्हणजे पाणी आणि मीठ, त्याला फारसा वास नसतो. काखेतल्या दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी वयात येण्याच्या सुमाराला जाग्या होतात, त्यांचा घाम कातडीवरचे जंतू फोडतात आणि वास येतो. त्या जाग्या होतात मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींच्या हार्मोनमुळे. मुलीत 8 वर्षांच्या आधी आणि मुलात 9 वर्षांच्या आधी हे झालं तर तपासायचं.

म्हणजे माझ्या आंघोळ घालण्याचा प्रश्नच नव्हता. मला त्या खुर्चीत रडू आलं.

मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टर रामदासपेठेत, तीन आठवड्यांनी नंबर लागला. त्यांनी डाव्या हाताचा एक्स-रे लिहून दिला, हाडांचं वय पाहायला. तो दहा मिनिटांत झाला. आणि रक्ताच्या तपासण्या लिहिल्या. त्यातल्या 17-ओएचपी या हार्मोनच्या तपासणीपुढे त्यांनी पेनाने लिहिलं होतं: सकाळी 8 वाजता. खाली दोन रेघा मारून.

एका लॅबमध्ये आम्ही पावणेआठला पोहोचलो. पाऊस होता, लेक अर्धी झोपेत. काउंटरवरच्या मुलीने पैसे घेतले, टोकन दिलं आणि बसा म्हणाली. आधी उपाशी पोटी शुगरवाल्यांचे नंबर. साडेआठला मी चिठ्ठी दाखवली. "हो मॅडम, घेऊन राहिलो ना." नऊला परत गेले. तेव्हा कळलं की ही तपासणी तिथे होतच नाही, नमुना मुंबईला जातो, न्यायला माणूस बाराला येतो, म्हणून ते रक्त अकरानंतर घेतात. हे पैसे घेताना सांगायचं नाही का? मी म्हटलं, डॉक्टरांनी आठ लिहिलं आहे. उत्तर आलं, "काही फरक नाही पडत." आणि वर, पोरीला काही खाऊ घालू नका. चिठ्ठीवर उपाशी हा शब्दही नव्हता. साडेसहा वर्षांची मुलगी साडेअकरापर्यंत उपाशी बसली. सुई टोचली तेव्हा ती ओरडली नाही, नुसती माझ्या ओढणीत तोंड घालून बसली. तिथून उठून न गेल्याचं मला आजही वाईट वाटतं.

सहा दिवसांनी रिपोर्ट. सगळे आकडे नॉर्मल. मी फोन करून नवऱ्याला सांगितलं, देवापुढे साखर ठेवली. रामदासपेठेत डॉक्टरांनी कागद पाहिला आणि विचारलं, "रक्त किती वाजता घेतलं?" मी सांगितलं. त्यांनी कागद बाजूला ठेवला. 17-ओएचपी पहाटे-सकाळी सगळ्यांत जास्त असतं आणि दिवस चढला की उतरतं. अधिवृक्क ग्रंथीचा एक जन्मजात दोष असतो, त्याचा सौम्य प्रकार याच वयात नुसत्या घामाच्या वासाने किंवा केसांनी दिसू शकतो, आणि तो पकडायचा तर सकाळचंच रक्त हवं. साडेअकराचा नॉर्मल आकडा त्यांच्या कामाचा नव्हता.

आणि दुसरी गोष्ट. डीएचईए-एस नावाच्या हार्मोनच्या आकड्याशेजारी जी मर्यादा छापली होती ती मोठ्या बायकांची होती! त्या मर्यादेत तिचा आकडा आरामात बसत होता. तिच्या वयाच्या तक्त्यात तो वाढलेला होता. मी लॅबमध्ये जाऊन विचारलं, वय तर तुम्हीच वर छापलं आहे, मग मर्यादा कोणाची? "रिपोर्ट तर नॉर्मलच आहे ना मॅडम, कायले घाबरून राहिल्या?" मी लेखी तक्रार दिली, पोच घेतली. पैसे परत मिळाले नाहीत.

दुसऱ्या वेळी मी चार लॅबना आदल्या दिवशी फोन केले. फक्त एकच प्रश्न: नमुना बाहेर जाणार असला तरी रक्त आठला घ्याल का? तिघांनी टाळाटाळ केली. चौथीकडचा माणूस म्हणाला, घेऊ, रक्त फिरवून सीरम वेगळं काढतो आणि गाडी येईपर्यंत फ्रिजमध्ये ठेवतो. मग पहिल्यांना काय अडचण होती? सात पन्नासला रक्त घेतलं. नळीवर आणि पावतीवर वेळ मी माझ्यासमोर लिहून घेतली. तुम्हीही घ्या. लेक पोहे खाऊन आली होती.

17-ओएचपीचा तो रिपोर्ट खराच नॉर्मल निघाला. हाडांचं वय साडेसात आलं, थोडं पुढे, पण डॉक्टरांना त्याची काळजी वाटली नाही. अधिवृक्क ग्रंथी लवकर जागी झाली आहे, एवढंच. औषध नाही. दर सहा महिन्यांनी उंची मोजायची. आठ वर्षांची व्हायच्या आधी छाती वाढायला लागली, उंची एकदम झपाट्याने वाढली किंवा अंगावर केस भराभर आले, तर सहा महिने न थांबता यायचं.

एक राहिलं: जुन्या उंचीच्या नोंदी घेऊन जा. लसीकरणाच्या कार्डावर, शाळेच्या तपासणीत, जिथे असतील तिथून. माझ्याकडे दोनच निघाल्या. आणि घरात कोणी पुरुष टेस्टोस्टेरॉनचं जेल लावत असेल तर लाज न बाळगता सांगा, ते अंगाला अंग लागून मुलांच्या शरीरात जातं. डॉक्टरांनी हे नवऱ्याला सरळ विचारलं होतं.

वासासाठी आता रोज आंघोळीत काखेला साधा साबण, नीट कोरडं पुसणं, आणि सुती बनियन. खेळाच्या तासाचा पॉलिएस्टरचा टी-शर्ट वास धरून ठेवतो, तो उलटा करून धुते आणि दुसऱ्यांदा न धुता घालू देत नाही. पावसाळ्यात कपडे दमट राहिले की सगळी मेहनत वाया जाते, म्हणून इस्त्री फिरवते. डॉक्टरांनी बिनवासाचा सौम्य डिओडरंट चालेल म्हणून सांगितलं, तो शाळेच्या दिवशीच लावते.

बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी तिची जागा बदलली नाही, हे मला फार बरं वाटलं. सासूबाईंनाही रामदासपेठेत सोबत नेलं होतं, डॉक्टरांचं बोलणं त्यांनी स्वतः ऐकलं. परतताना मेट्रोत त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मात्र लेकीची काख त्यांनीच पुसली आणि तिला म्हणाल्या, "तुहं काही नाही चुकलं वं बाई."